चोविसावं अंडं

मेव्हण्याचा फोन आला तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण हा माणूस फोन करत नाही, फॅमिली ग्रुपवर अंगठा टाकतो आणि गप्प बसतो. म्हणाला, "ह्या लाँग वीकेंडला आम्ही स्प्रिंग सिटी गेटवे करतोय." मला वाटलं गेटवे म्हणजे मुंबईचं गेटवे, बोटीबिटीत बसणार असतील, बसोत बापडे. मग बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, पाच मिनिटं अय्या हो का, या की मग, असं चाललं, आणि फोन ठेवल्यावर कळलं की गेटवे म्हणजे आपलं कोथरूडचं टू बीएचके.

ते राहतात ठाण्याला. मुलं कॉन्व्हेंटात, थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. त्यांच्या आईने एक्सेल शीट पाठवली. शुक्रवार, हॉट क्रॉस बन्स. शनिवार, हेरिटेज वॉक आणि एग डेकोरेटिंग. रविवार, एग हंट आणि पिकनिक अंडर ब्लॉसम्स. ब्लॉसम्स! आमच्या पार्किंगमधे ह्या दिवसांत एकच गोष्ट फुलते, कडुनिंब, आणि त्याचा मोहोर गाडीच्या काचेवर असा चिकटतो की वायपर रडतो. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू हे शाळेत पाठ केलंय, मान्य आहे, पण पारा ३८ वर असला की दुपारी कोकीळसुद्धा गप्प असतो. शीटमधे दुपारी २ ते ४ च्या रकान्यात 'लेझर्ली स्ट्रोल' लिहिलेलं होतं. मी तिथे 'झोप' असं टाइप केलं. अर्ध्या तासात ते कोणीतरी डिलीट केलेलं होतं.

खरा प्रश्न आईचा होता. आमच्या घरात अंडं चालतं, पण कसं चालतं, तर बाल्कनीत. त्याला वेगळं पातेलं आहे, कान तुटलेलं, हिंडालियमचं, ते वॉशिंग मशीनच्या मागे राहतं आणि त्याला घरात 'ते पातेलं' म्हणतात. आणि ह्यावेळी गुरुवारी हनुमान जयंती झालेली, शुक्रवारी ही मंडळी येणार, रविवारी संध्याकाळी आईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. (पूर्वी मंगळवार-शुक्रवार बघायचे, आता सगळ्या नोकरीवाल्या, त्यामुळे गौरीलाही वीकेंडच धरावा लागतो.) आई म्हणाली, "गौर बसलीये घरात आणि तुम्ही अंडी रंगवणार?"

तिला पटवलं थोरलीने. आजीच्या शेजारी बसून तिने सांगितलं की ईस्टर कधी येतो माहितीये का आजी, २१ मार्चपासून पुढची पहिली पौर्णिमा बघायची आणि तिच्या पुढचा रविवार धरायचा. आई उठली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चष्मा लावला. गुरुवारी पौर्णिमा, रविवारी ईस्टर. "म्हणजे त्यांचंही तिथीवरच आहे की," आई म्हणाली. मग थोरलीने दुसरा बाण सोडला, की ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासाचा काळ असतो, पूर्वी त्यात अंडीसुद्धा वर्ज्य असायची, पण कोंबड्यांना कुठे कळतंय, त्या घालतच राहायच्या, मग साठलेली अंडी ईस्टरला रंगवून खायची. चाळीस दिवसांचा उपवास ऐकून आईचा चेहरा एकदम बदलला, कारण ती स्वतः अजून चातुर्मास पाळते आणि मी श्रावणी सोमवारी दुपारी मिसळ खाऊन आलोय हे तिच्या लक्षात आहे. "बाल्कनीत करा," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी मी तोंडावर ताबा ठेवून होतो. वीसेक वर्षांपूर्वी ऑफिसात एका ख्रिश्चन सहकाऱ्याला मी हसत हसत हॅपी गुड फ्रायडे म्हणालो होतो आणि त्याने अतिशय सभ्यपणे सांगितलं की त्या दिवशी येशूला क्रुसावर चढवलं, त्याला मराठीत उत्तम शुक्रवार म्हणतात, आणि आम्ही त्या दिवशी हॅपी वगैरे नसतो. अजून कान गरम होतात. तर बन आणले, खाल्ले, वरच्या क्रॉसवरून मुलांची मारामारी झाली, शुक्रवार संपला.

शनिवारी हेरिटेज वॉक. हे खातं माझ्याकडे होतं, कारण पुणेकर म्हणजे जन्मतः गाइड असा मेव्हण्याचा समज आहे आणि तो दूर करावा असं मला कधी वाटलं नाही. मी सगळ्यांना गुरुवार पेठेत पंचहौदला नेलं. तिथल्या चर्चचा उंच मनोरा बघून मुलं माना वर करून उभी राहिली तेवढ्यात मी सुरू झालो, की १८९० साली इथल्या मिशनमधे पुण्यातल्या मोठमोठ्या लोकांना व्याख्यानाला बोलावलं आणि नंतर चहा-बिस्किटं पुढे केली, टिळक होते, रानडे होते, कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला, मग त्याचा बभ्रा झाला आणि अख्ख्या पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं भांडण, माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. एका कपासाठी! मी भावनेच्या भरात होतो. धाकट्याने विचारलं, "बिस्किट कुठलं होतं?" एवढा इतिहास वाचलाय मी, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

मग कॅम्प. ईस्टरच्या आदल्या दिवशी कॅम्पातल्या बेकऱ्यांत जे असतं ते मात्र बघण्यासारखं, मार्झिपानची अंडी, आतून पोकळ चॉकलेटची अंडी, वर आयसिंगची फुलं. रांगेत सगळं पुणं. मी पाऊण तास उभा राहून दोन डझन चॉकलेटची अंडी घेतली, किती पैसे दिले ते आईला अजून माहीत नाही. डबा गाडीत मागच्या काचेपाशी ठेवला आणि एक्सेल शीटमधे होतं म्हणून आम्ही एम्प्रेस गार्डनला गेलो. झाडं जुनी, सावली गार, मी एका बाकावर आडवा झालो, ती अख्ख्या गेटवेतली सगळ्यात सुखाची चाळीस मिनिटं.

आता कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं. हे मला थोरलीने परत येताना सांगितलं, मांडीवर डबा घेऊन. डब्यात अंडी नव्हती. डब्यात एक तपकिरी तळं होतं आणि त्यात आयसिंगची फुलं तरंगत होती. धाकट्याने बोट बुडवलं. मग मेव्हण्याने. मग खरं सांगायचं तर मी पण.

मुलीचा चेहरा बघवेना. रात्री साडेआठला मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि खरी अंडी आणली, दोन डझन, पांढरी. दुकानदाराने सवयीने ती वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली आणि हळू आवाजात म्हणाला, "एवढी?" सोसायटीच्या जिन्यात मी ती पिशवी बाळासारखी छातीशी धरून चढलो.

आणि मग रात्री बाल्कनीत जे काय झालं ते मात्र भारी होतं, हे मान्य करायला पाहिजे. 'त्या पातेल्यात' अंडी उकडली. रंगपंचमीची उरलेली पुडी काढायला निघालो तर बायकोने हातावर मारलं, खायची आहेत ती. मग एका भांड्यात कांद्याची सालं, एकात हळद, एकात बीट. प्रत्येकात व्हिनेगर, कारण थोरलीच्या म्हणण्यानुसार टरफलाला ॲसिड लागलं की ते जरासं खरखरीत होतं आणि रंग धरतं. बिटाने दगा दिला, ती अंडी आजारी माणसाच्या ओठांसारखी झाली. हळदीची एकदम पिवळीधमक. पण कांद्याची! नुसत्या फेकायच्या सालांतून असा तांबूस रंग आला, घासलेल्या तांब्यासारखा, आम्ही चौघं मोठी माणसं मोबाईलचा टॉर्च मारून ते बघत बसलो. आईसुद्धा दारापर्यंत आली, उंबऱ्याच्या अलीकडे थांबली आणि म्हणाली, "कांद्याची सालं उगाच टाकते मी इतकी वर्षं."

थोरलीने मार्करने प्रत्येक अंड्यावर एकेक नाव घातलं, सोसायटीतल्या मुलांची, वॉचमनच्या दोन्ही पोरींची. सगळ्यात सुंदर तांबूस अंड्यावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काका'. म्हणाली, "काका, हे तुझं." मला जरा भरून आलं, चॉकलेटचे पैसे वसूल झाले असं वाटलं.

लपवायचं काम माझं. पहाटे पावणेसहाला उठलो, बर्मुड्यावर खाली गेलो. लिहून ठेव असं बायको म्हणाली होती, पण तेवीस-चोवीस जागा लक्षात ठेवायला काय लागतं, मला अजून आमच्या वर्गाची हजेरी पाठ आहे. कुंडीमागे, मीटरच्या डब्याखाली, लेटरबॉक्सात, जास्वंदीत. वॉचमन काठी घेऊन माझ्या मागे मागे येत होता, शेवटी न राहवून म्हणाला, "साहेब, कोणी सांगितलंय का करायला हे?" त्याला वाटलं करणी.

सात वाजता हंट सुरू झाला, सात वाजून नऊ मिनिटांनी संपला. सोळा मुलं कोथरूडमधे कधी नाही अशी धावली. जास्वंदीतलं अंडं मुलांच्या आधी मांजराला सापडलं आणि ते तिने आमच्यासमोर बसून, कोणाची भीड न ठेवता, फोडून खाल्लं. मोजली तर मांजराचं धरून बावीस. दोन कमी. "बघ बरं आठवून," सगळे म्हणायला लागले आणि मला आमच्या वर्गाची हजेरी सोडून काहीही आठवेना.

तेविसावं संध्याकाळी सापडलं. आईची चैत्रगौर पितळी झोपाळ्यात, पुढे कलिंगडाचं कमळ, करंज्या, चकल्या, बेसनाच्या लाडवांचं ताट, मोठ्या पातेल्यात पन्हं, आंब्याची डाळ. वीस-बावीस बायका. मी आतल्या खोलीत दार लोटून होतो, पुरुषांनी हळदीकुंकवाला जसं असावं तसं. बाहेरून समोरच्या विंगमधल्या मावशींचा आवाज आला, "अहो, लाडू काय वळलाय हा! एक भेग नाही. कसा हो जमतो इतका गुळगुळीत?"

आतल्या खोलीत आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि धाकटा शांतपणे म्हणाला, "ते मी लपवलं. काकाला एकट्यालाच का लपवायला?"

आईचं मी खरंच कौतुक करतो. तिने ताटातला तो पिवळा गोळा अलगद उचलला, पदराखाली घेतला, "हा नैवेद्याचा आहे," म्हणाली आणि दुसरा लाडू मावशींच्या हातावर ठेवला. रात्री सगळे गेल्यावर तिने गौरीपुढे बसून पाच मिनिटं काहीतरी पुटपुटलं. रानड्यांचं प्रायश्चित्त ह्यापेक्षा महाग पडलं असणार. सोमवारी पहाटे ठाणेकर गेले, जाताना शीटमधे सगळे रकाने हिरवे केले, 'झोप' सोडून.

चोविसावं राहिलं. माझं. तांबूस.

ते आठवलं मला अक्षय्यतृतीयेनंतर, एका संध्याकाळी, पार्किंगमधे शिरता शिरता. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा ईस्टरच्या आदल्या दिवशी नाशिकला लेकीकडे गेले होते, स्कूटरला जाड कव्हर घालून, आणि पावणेसहाच्या अंधारात मला ते कव्हर आणि हँडलखालचा तो छोटा कप्पा एकदम आदर्श जागा वाटली होती. अण्णा परत आले होते. कव्हर काढून बाजूला पडलेलं. स्कूटरभोवती सोसायटीतले आठ-दहा पुरुष, प्रत्येकाच्या नाकाला रुमाल आणि प्रत्येकाकडे स्वतंत्र थिअरी. घूस मेली. नाही, पाल, एंजिनात गेली. नाही, बॅटरी फुटली. मी पण रुमाल लावला आणि ड्रेनेज तुंबलं असणार अशी माझी एक थिअरी दिली, गप्प उभं राहणं संशयास्पद दिसलं असतं.

मेकॅनिकने सीट उघडलं, पॅनेल खोललं, मग वैतागून त्या कप्प्यात हात घातला, आतलं फडकं ओढलं आणि अण्णांच्या पायाशी टप्पकन काहीतरी पडलं. सगळे दोन पावलं मागे. अण्णा वाकले, नाक दाबून, चष्मा वर करून. "अंडं आहे," ते म्हणाले. "आणि ह्यावर लिहिलंय काहीतरी. का... का. काका."

आमच्या सोसायटीत मला धरून एकवीस काका आहेत. अण्णांनी मान वर करून एकेकाकडे बघायला सुरुवात केली, आणि मीसुद्धा सगळ्यांबरोबर इकडेतिकडे बघायला लागलो.