अडीच वाजून सात मिनिटं

"किचन बंद झालं," काउंटरमागचा मुलगा म्हणाला आणि त्यानं क्रिस्पच्या, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटांकडे बोट केलं. इंग्लंडच्या केंट परगण्यातला पब, नाव घेत नाही. राग अजून ओला आहे.

शेजारच्या टेबलाशी एक आजोबा, पायाशी लॅब्रडॉर. तेवढ्यात तोच मुलगा 'बंद' किचनमधून बशी घेऊन आला. सॉसेज, नीट चकत्या केलेलं. बशी खाली ठेवली गेली.

"त्याची ऑर्डर दोन पंचविसाची," आजोबांनी समजूत घातली.

"कुत्र्याची?"

"टेबलही त्याच्याच नावावर. माझ्या नावानं मागितलं की खिडकी मिळत नाही."

"मग तुम्ही?"

"मी त्याच्यासोबत."

साहेबांनी सॉसेज हुंगलं आणि मान फिरवली. "मोहरी लागलीये," आजोबा हळहळले, "त्याला चालत नाही." बशी माझ्यापासून दोन फुटांवर निवत होती. विचारलं असतं तर मी नकोच म्हणालो असतो. पण विचारावं तरी!

तर, इथला पब दिवसभर उघडा असतो, त्याचं किचन नव्हे. दुपारी दोन-अडीचला शेगड्या विझतात, तळणीचं तेल गाळलं जातं, संध्याकाळची चिराचिरी सुरू होते. म्हणून वेळ बघायची ती किचनची, आणि टेबल आधी सांगून ठेवायचं, रविवारी तर नक्कीच. रविवारी बहुधा रोस्टच, म्हणजे भाजलेलं मांस आणि बटाटे. शाकाहारी माणसानं बटाटे कशात भाजलेत ते विचारावं. उत्तर पुष्कळदा गाईची किंवा बदकाची चरबी असतं. यॉर्कशायर पुडिंगचं, म्हणजे रोस्टसोबतच्या अंडी-मैद्याच्या फुगीर वाटीचंही तेच.

मॉडर्न ब्रिटिश मेन्यूत पदार्थाचं नाव नसतं, किराण्याची यादी असते: 'हेक, लीक, शिंपले'. शिजवलंय कसं, ते स्वल्पविरामांनी ओळखायचं. बटाटे त्या यादीत नसतील तर ताटातही नसतात. त्यांचे पाचसहा पौंड वेगळे. बिलात बरेचदा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो. तो ऐच्छिक असतो, हे मात्र बारीक अक्षरात.

एवढं सोसायचंच असेल तर केंटच्याच किनाऱ्यावरच्या सीसॉल्टर गावी, 'द स्पोर्ट्समन'मध्ये सोसावं. बाहेरून समुद्राच्या बांधाआड दडलेला कळकट पब. स्टीफन हॅरिस यांनी तो 1999 मध्ये घेतला. स्वयंपाक ते स्वतःच शिकलेले. 2008 मध्ये मिशलिन तारा, म्हणजे त्या नावाच्या गाइडचा उत्तम जेवणासाठीचा मान, आला. समुद्राच्या पाण्यापासून मीठ घरी पाडतात, लोणी घरी घुसळतात. समुद्रशेवाळाच्या लोण्यात भाजलेला छोटा सोल मासा चुकवू नका. काटा अलगद सुटतो. व्हिटस्टेबल स्टेशनापासून सहाएक किलोमीटर, तेव्हा परतीची टॅक्सी जातानाच सांगून ठेवा. व्हिटस्टेबलचे देशी कालव सप्टेंबर ते एप्रिल. मे ते ऑगस्ट त्यांचा विणीचा हंगाम, गर दुधाळ आणि मऊ पडतो. तेव्हा मिळतात ते रॉक ऑयस्टर, कालवांचीच दुसरी जात, ते बारमाही.

आम्ही क्रिस्प घेतले. मशीनला कार्ड टेकवलं तर पडद्यावर प्रश्न: टिप दहा, साडेबारा की पंधरा टक्के? 'नको'चं बटण शोधेपर्यंत कुत्रा माझ्याकडे एकटक बघत होता.