समुद्र बंद कर!

सकाळी साडेआठला निघायचं ठरलं होतं, आणि साडेआठला खरंच सगळे दारात उभे होते, फक्त आमच्या दोन वर्षांच्या कन्येचा एक बूट सोडून. तो सापडेपर्यंत तिने दुसरा काढला. मग सनस्क्रीन. उन्हात जायच्या पंधरावीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी परत लावा, असं ट्यूबवर लिहिलेलं असतं, पण तेल लावलेल्या पैलवानाला धरून ठेवायचं कसं ते काही लिहीत नाहीत. निम्मं माझ्या कुर्त्यावर लागलं, त्यामुळे कुर्ता काळा पडायची भीती नव्हती.

एवढी घाई का, तर ओहोटी. नवऱ्याने मोबाईलवर सगळा अभ्यास केलेला, सकाळी आठला पाणी पार मागे गेलेलं असणार, सपाट ओली वाळू, लहान मुलांना सेफ, मग हळूहळू भरती आणि दुपारी दोनला पाणी फुल. प्लॅनमध्ये खोट काढायला जागाच नव्हती. निघालो साडेदहाला आणि किनारा पाच मिनिटांवर असताना मॅडम गाडीत झोपल्या.

झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही हा आमच्या घरातला एकमेव नियम जो सगळे पाळतात. त्यामुळे समोर समुद्र, आणि आम्ही चार मोठी माणसं गाडीत चिडीचूप. सासूबाईंनी पर्सची चेन उघडली तर तीन माना वळल्या. तेवढ्यात वास आला. पुढची तयारी म्हणून सासूबाईंनी स्विम डायपर हॉटेलातच घालून आणलं होतं, आणि ते डायपर सू अजिबात शोषत नाही हो, फक्त घट्ट माल अडवतं! कारसीट ओली, आणि त्यात ती ढाराढूर. काचा खाली करून बसलो. पाणी मात्र प्लॅनप्रमाणे वर चढत होतं.

एकला उठली. दुसरं स्विम डायपर अर्थातच हॉटेलात, म्हणून साधं घातलं आणि ‘पाण्यात न्यायचं नाही, नुसती वाळूत खेळेल’ असं एकमताने ठरलं. तसं तिला न्यायची वेळ आलीच नाही. एक लाट पायाला लागली, आणि तिने बापाच्या मानेला मिठी मारून समुद्राकडे बोट दाखवत ऑर्डर सोडली, “बंद कल!” घरात मिक्सर लावला की म्हणते ना, तसंच.

“हो हो, सांगतो त्याला,” आजोबा म्हणाले.

मग आजोबांनी लांब सावलीत खड्डा खणला, तिने बादलीभर पाणी आणवलं (आणणारे आम्ही) आणि थेट त्यात बसली. साध्या डायपरमधल्या जेलचं कामच पाणी पिणं, आणि इथे तर हवं तेवढं पाणी. ते गुडघ्यापर्यंत लोंबायला लागलं, तरी ते सांभाळत ती इतक्या रुबाबात फिरत होती की आजूबाजूची माणसं बाजूला होऊन वाट देत होती.

ओली वाळू पुसायची नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. दोन कणांमध्ये पाणी असतं तोवर ती चिकटते, वाळली की आपली आपण झडते. आणि वाळेपर्यंत थांबायचा पेशन्स नसेल तर टाल्कम पावडर फासायची, ती ओल ओढून घेते. मांडीच्या वळ्या मात्र एकेक उघडून बघाव्या लागतात, दुसऱ्या दिवशीसुद्धा तिथून माल निघतो.

हे सगळं आवरेपर्यंत पाच वाजले, आणि पाणी आपलं आपण बरंच मागे सरकलेलं. आजोबांनी संधी सोडली नाही, “बघ, केला की नाही बंद?” तिने समुद्राकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. आम्हाला आजवर कधीच न मिळालेला आदर होता तो.

दुसऱ्या दिवशी, कधी नव्हे ते, आम्ही नऊच्या आत वाळूवर. पाणी लांब गेलेलं. मॅडम कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आजोबा, चालू कल.”

आजोबांनी हळूच नवऱ्याला विचारलं, “अरे, भरती कधी आहे आज?”

“रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते बाबा. म्हणजे आज पावणेतीनला.”

“हात्तिच्या! तोवर झोपेल ती.”

त्या दिवशी ती झोपलीच नाही.