पत्रे उडाले, कागद मात्र जागचे हलेनात
वैशाखातल्या वादळात घरावरचे टिनाचे पत्रे उडाले की तलाठी पंचनामा करून जातो, पण विमा कंपनीला तो कधीच पुरत नाही. कंपनीचा सर्वेक्षक नागपूरहून येईपर्यंत छपराला हात लावायचा नाही, अशी तोंडी ताकीद मिळते आणि आम्ही ताडपत्री बांधून मृगाच्या धास्तीत बसतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळाचा स्पष्ट उल्लेख आहे, तरीही दर खेपेला पहिला प्रश्न ठरलेलाच: पत्रे आधीच गंजलेले नव्हते ना? मग जीएसटीचे पक्के बिल हवे असते. आमचा मिस्त्री पोराच्या जुन्या वहीच्या पानावर, खिळे-वायसरासकट, हिशेब लिहून देतो. त्याने पक्के बिल आणावे तरी कोठून? एवढे करून रक्कम मंजूर झालीच, तर गृहकर्जामुळे पॉलिसीवर बँकेचे नाव असल्याने ती परस्पर कर्जखात्यात वळती होते, आणि ती दुरुस्तीसाठी मोकळी करून घ्यायला तालुक्याच्या शाखेत नवा अर्ज करावा लागतो. तिथले साहेब बहुधा रजेवर असतात. मिस्त्रीला मात्र आगाऊ रोख लागते, आणि ती शेवटी सावकाराकडूनच आणावी लागते.