नकाशा प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा, एकट्या लीडरच्या नाही

आज सकाळी एका ट्रेकच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर साधा प्रश्न विचारला, "रूटची जीपीएक्स फाइल टाकाल का प्लीज?" (जीपीएक्स म्हणजे वाटेची आखलेली रेघ असलेली फाइल, ती फोनमधल्या नकाशावर उघडते.) उत्तर आलं, "रूट लीडरकडे आहे. विश्वास नसेल तर येऊ नका." आणि त्या उत्तराखाली पटापट अंगठे. एकालाही वाटलं नाही की हे बोलणं बरोबर नाही. दिवसभर कामात लक्ष लागलेलं नाही, म्हणून आता लिहूनच टाकते.

विश्वासाचा प्रश्न आला कुठून? विश्वास आहे म्हणूनच अनोळखी माणसामागून डोंगरात जातो ना आपण? पण लीडर झाला तरी माणूसच. त्याचा पाय मुरगळू शकतो, त्याचा फोन ओढ्यात पडू शकतो, पुढे पळालेल्या पोरांना आवरायला तो धावतो आणि मागचे मागेच राहतात. त्या मागच्यांनी काय करायचं? हाका मारत बसायचं?

माझ्या जवळच्यांना तो धुक्याचा किस्सा माहीत आहे, तरी परत सांगते. सोंडेवरून उतरत होतो आणि बघता बघता धुकं असं दाटलं की पुढच्याची सॅक दिसेना. एके ठिकाणी वाट फुटली. डावीकडची चांगली मळलेली, उजवीकडची गवतात बुडालेली. साहजिकच सगळे डावीकडे वळले. लीडर आमच्याबरोबरच होता, फोन हातात, बॅटरी भरपूर. पण स्क्रीनवर नुसते करडे चौकोन आणि त्यावर एक निळा ठिपका! घरी वायफायवर त्याने नकाशा बघितला होता, त्यामुळे नकाशा फोनमध्ये आहे असं तो धरून चालला. डाउनलोड केलेलाच नव्हता. माणूस वाईट नव्हता, अनुभवीही होता. तरीही.

तेव्हा रांगेच्या अगदी शेवटून आवाज आला, "थांबा जरा, आपण रेघेच्या डावीकडे सरकतोय." पन्नाशी उलटलेल्या एक ताई. सकाळपासून हळू चालतात म्हणून काही जण त्यांच्यावर कुरकुरत होते. त्यांचा फोन पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोरीने गळ्यात. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देईना, तर टोपीच्या आतल्या कोरड्या कापडाने त्यांनी बोट पुसलं, नकाशा मोठा केला आणि दहा-बारा पावलं मागे चालून ठिपका कुठे सरकतो ते बघितलं. उभ्या उभ्या फोनमधल्या बाणावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्या दिवशी मला कळलं. फोनच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असेल तर तो होकायंत्राला हमखास फसवतो. चालून बघितलं की दिशा पक्की कळते. डावीकडची मळलेली वाट ही ढोरवाट होती आणि ती कड्याच्या बाजूला चालली होती. आम्ही मागे फिरलो.

आता मला सांगा, ताईंच्या फोनमध्ये नकाशा असण्याने लीडरचा कुठला अपमान झाला?

मुळात लोकांच्या डोक्यात एक घोळ घट्ट बसलाय, की नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं. अहो, नाही! उपग्रह वीसेक हजार किलोमीटरवरून संदेश पाठवत असतात आणि फोन ते नुसते ऐकतो, उलट काही पाठवत नाही. निदान चार उपग्रह नीट ऐकू आले की आपली जागा कळते. एअरप्लेन मोडवरही कळते, आणि रेंज शोधण्यात जळणारी बॅटरी वाचते ती वेगळीच. नेटवर्क असेल तर उपग्रह लवकर सापडतात, एवढाच फरक. म्हणून चालायला लागण्याआधी उघड्यावर थोडं थांबून ठिपका स्थिर होऊ द्यावा. उघड्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा पाचेक मीटरपर्यंत बरोबर दाखवतो, कड्याच्या पोटात किंवा दाट झाडीत मात्र भरकटतो. हे सगळं फुकट मिळतं. नकाशा तेवढा आपण आधी उतरवून ठेवायचा असतो. त्या लीडरकडे ठिपका होता, नकाशा नव्हता. ताईंकडे दोन्ही होतं.

कोणतं अ‍ॅप, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. सुरुवात ऑर्गॅनिक मॅप्सने करा. हलकं आहे, जुन्या फोनवरही पळतं, जो भाग हवा तो उतरवला की काम झालं. ऑस्मअँडचे मेनू किचकट आहेत, पहिल्यांदा वैताग येतो, पण एकदा हाताला बसलं की सोडवत नाही. ताईंकडे तेच होतं. दोन्हींचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ पासून जगभरातले हौशी लोक तो बनवत आलेत. कुणीतरी स्वतः चालून आलेली पायवाट त्यात असते, आणि म्हणूनच गाडीवाल्यांसाठीच्या नकाशात नसलेल्या वाटा तिथे सापडतात. ऑलट्रेल्स दिसायला छान, पण ऑफलाइन नकाशे पैसे भरल्यावरच मिळतात. पीकफाइंडर समोरच्या शिखरांची नावं सांगतं, मर्लिन पक्ष्यांचे आवाज ओळखतं. दोन्ही मला मनापासून आवडतात, दोन्ही रेंजशिवाय चालतात, पण वाट दाखवणं हे त्यांचं काम नाही.

गाडीच्या नकाशावर डोंगर चढणाऱ्यांना तर हात जोडते. २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेव्हिसवर तिथल्या गिर्यारोहण संस्थेला जाहीर सांगावं लागलं होतं, की गूगल मॅप्स दाखवतंय त्या वाटेने जाऊ नका, जीव जाईल. ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर, १३४५ मीटर, आणि त्याच्यावरही ही गत.

विकिलॉकवर लोक आपण चाललेल्या वाटांचे ट्रॅक टाकतात, ते मीही वापरते. पण ट्रॅक म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी ऋतूत, कदाचित दोर लावून टाकलेली पावलं. ओढा तेव्हा कोरडा असेल, आज नसेल. एकाच डोंगराचे तीन-चार ट्रॅक एकावर एक टाकून बघा, सगळे जिथून जातात ती वाट, आणि एकच जिथे वाकडा गेलाय तिथे बहुधा तो चुकलाय. कंटूर रेषांवरही, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरही, आंधळा विश्वास नको. अनेक अ‍ॅपमधल्या रेषा २००० साली अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीवर काढलेल्या आहेत, साधारण ३० मीटरच्या चौकोनांत. दहा-पंधरा मीटरचा कडा त्यात सहज लपतो. आणि दहा-पंधरा मीटर पडायला पुरेसे असतात.

कमेंटमध्ये काय येणार तेही माहीत आहे. "फोन बंद पडला तर?" पडतो. थंडीत तर बॅटरी बघता बघता उतरते. म्हणून फोन अंगाजवळच्या खिशात, पॉवरबँक सोबत आणि कागदी नकाशा व होकायंत्र हवंच, त्यावर माझा वाद नाही. "जीपीएक्स दिली की लोक लीडरला सोडून पुढे पळतात." बरं, पळतात काही जण. त्यांना रागवा, पुढच्या वेळी नेऊ नका. पण त्यांच्यासाठी बाकीच्यांना आंधळं ठेवणार? "खरा ट्रेकर फोन बघत नाही" म्हणणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. त्या धुक्यात सगळ्यात खरी ट्रेकर कोण होती ते मी बघितलंय.

लिहिता लिहिता राग थोडा निवळलाय. ग्रुपवर उत्तर देणारा मुलगा तरुण असावा. कुणीतरी त्यालाही असंच शिकवलं असणार, की माहिती हातात ठेवली की मान राहतो. त्या करड्या चौकोनांकडे बघणाऱ्या लीडरचा चेहरा मला अजून आठवतो. भीती होती त्यात, आणि ती बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण सगळे त्याच्याकडेच बघत होते. ताईंनी जागा दाखवल्यावर त्याने त्यांना सरळ पुढे बोलावलं आणि उरलेला उतार दोघांनी मिळून आम्हाला उतरवलं. त्याबद्दल त्याला मानते मी.

उद्या ग्रुपवर परत विचारणार आहे. पूर्ण ट्रॅक द्यायचा नसेल तर निदान एवढे बिंदू तरी द्या: वाटा फुटतात त्या जागा, पाणी आणि अडलंच तर खाली उतरायची जवळची वाट. तेही देणार नसतील तर मी नाव काढून घेईन.

आणि तुमच्यापैकी ज्यांना नकाशा उतरवायला जमत नाही त्यांनी खाली लिहा. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसू. फोनमध्ये थोडी जागा रिकामी करून ठेवा आणि वायफायजवळ बसा. नकाशा उतरला की एअरप्लेन मोड लावून प्रत्येकाने तो माझ्यासमोर उघडून दाखवायचा.