१२४ व्या मजल्यावरून बर्डी

मागच्या महिन्यात बाबांना घेऊन आम्ही दुबईला गेलो होतो, धाकट्या बहिणीकडे. जावईबापूंनी बुर्ज खलिफाची तिकिटं आधीच काढून ठेवलेली, तीही सूर्यास्ताच्या वेळेची. ही वेळ महाग असते. बाबांचा पहिला प्रश्न, "म्हणजे सूर्य बुडाचे वेगळे पैसे घेऊन राहिले का हे लोकं?"

लिफ्ट सेकंदाला १० मीटर चढते. कानात दडे बसतात न बसतात तोच १२४ वा मजला, जमिनीपासून साडेचारशे मीटर. इमारत मात्र ८२८ मीटरची. म्हणजे एवढं वर येऊनही डोक्यावर पावणेचारशे मीटर उरतेच. थोडं फसल्यासारखं वाटलं.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. जितकं उंच जाल तितकं क्षितिज खाली सरकतं, त्यामुळे खालच्या लोकांसाठी मावळलेला सूर्य वर अजून दिसत असतो. म्हणूनच २०११ साली तिथल्या मुफ्तींनी सांगितलं होतं, की बुर्जमध्ये ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा, १५० च्या वर तीन मिनिटं. जावईबापूंनी हे सांगितलं आणि बाबा असे खूश झाले, की शेजारच्या अनोळखी मल्याळी कुटुंबाला हातवारे करून पृथ्वीचा गोल समजावायला लागले.

बाकी? रस्ते, काचा, वाळू, पलीकडे धुरकट समुद्र. बाबा विचारत, "ते काय आहे?" जावईबापूंची चार नावांत गाडी अडली. पंधरा मिनिटांत आमचं पाहून संपलं. मग बाबांनी विचारलं, "आपलं नागपूर कोणत्या बाजूले येते?" मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे. बाबा तिकडच्या काचेशी जाऊन उभे राहिले, त्या महागाच्या सूर्यास्ताकडे चक्क पाठ करून.

नागपुरात असा एखादा टॉवर हवा, असं हल्ली कोणी ना कोणी म्हणतच असतं. बांधा बाप्पा. पण आपल्याकडे सीताबर्डीचा किल्ला आहे ना! १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज जिथे लढले, ती टेकडी. बुर्जपुढे तिची उंची म्हणजे काहीच नाही. पण लहानपणी तिथे उभं राहून बाबा तासभर बोटं दाखवायचे: हे स्टेशन, ते कस्तुरचंद पार्क, तिकडे महाल, त्याच्या मागे कुठेतरी आजीचं घर. एकही नाव अडायचं नाही. माझ्या मते उंचावर चढायचं ते यासाठीच.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. लोकांसाठी उघडतो तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. सुरक्षेचं कारण समजू शकते, पण महिन्यातून एक रविवार द्यायला काय हरकत आहे? गावातल्या कितीतरी पोरांनी आपलं शहर वरून पाहिलंच नाही, बुर्जसमोरचा सेल्फी मात्र आहे.

येत्या १ मेला बाबांना घेऊन जाऊन राहिलो. कोणी येणार असेल तर सकाळीच या, दुपारी तिथे उभं राहवत नाही.