'जुना ऑइल पेंट कोरडाच घासून काढा': दिवाळीच्या तोंडावर फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

गणपती आटोपले की घरोघरी दिवाळीच्या रंगकामाचे वेध लागतात आणि 'पेंटर तुम्हांला कधीच सांगणार नाही अशा सहा गोष्टी' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश पुन्हा फिरू लागतो. यंदा तो माझ्या धाकट्या बहिणीकडे पोहोचला. तिचे बिऱ्हाड दादरमधल्या एका जुन्या इमारतीत आहे, घरात रांगते मूल आहे, आणि संदेशातला पहिलाच सल्ला मानून तिने पॉलिश पेपर आणूनही ठेवला होता. असल्या संदेशांना उत्तर देण्यात वेळ दवडू नये या मताचा मी आहे, पण या वेळी गप्प बसणे शक्य नाही.

तो पहिला सल्ला असा: दारे, खिडक्या आणि ग्रिलवरचा जुना ऑइल पेंट कोरडाच घासून मुळापासून काढावा, रंगातल्या शिशाची भीती परदेशातली आहे, आपल्याकडच्या रंगांत शिसे नसतेच. यातला प्रत्येक शब्द चुकीचा आहे आणि शेवटचा भाग तर निव्वळ बेजबाबदार आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाच्या प्रमाणाविषयीचे नियम २०१६ मध्ये अधिसूचित केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. या नियमांनुसार अशा रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये, आणि तसे डब्यावर छापणेही बंधनकारक आहे. आपल्या रंगांत शिसे नसतेच, तर हे नियम करण्याची वेळ का आली, याचे उत्तर संदेश लिहिणाऱ्याने द्यावे. आज नामांकित कंपनीचा नवा डबा घेतला तर त्यात शिशाची फारशी चिंता नको, इतपत मी मान्य करतो. पण हा नियम दुकानातल्या डब्याला लागू होतो, चाळीस वर्षांपूर्वी चौकटीवर चढलेल्या थराला नाही.

बहिणीच्या खिडकीची चौकट जवळून पाहिली तर उडालेल्या पोपड्याच्या कडेला थर चक्क मोजता येतात: वर क्रीम, त्याखाली पोपटी, त्याखाली गडद पिवळा आणि तळाशी लाकूड. पिवळ्या, केशरी आणि लाल छटांसाठी शिशाचे क्रोमेट सर्रास वापरले जात असे, ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणूनही त्यात शिशाची संयुगे घालत, आणि लोखंडी गजांना गंज चढू नये म्हणून खाली जो शेंदरी थर देत तो पुष्कळदा शिशाचाच असे. (तपकिरी रेड ऑक्साइड वेगळा, तो लोखंडाचा.) एखाद्या विशिष्ट थरात शिसे आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, ते प्रयोगशाळेतच कळते, आणि म्हणूनच जुन्या घरात ते आहे असे धरून चालावे. असा थर कोरडा घासला की त्याची पिठासारखी धूळ होते. ती खिडकीच्या पाटावर आणि फरशीवर बसते, आणि रांगते मूल त्याच फरशीवर हात टेकून तोच हात तोंडात घालते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही आणि पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात. मेंदूची जी हानी होते ती पुढे भरून येत नाही. गर्भवती स्त्रीच्या रक्तातून ते गर्भापर्यंतही पोहोचते. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर घासणाऱ्या आणि तेच कपडे घालून घरी जाणाऱ्या रंगाऱ्याचा आणि त्याच्या मुलाबाळांचा विचार तर या संदेशात कुठेच नाही.

जुना थर घट्ट बसलेला असेल तर तो काढण्याची गरजच नसते. तो धुवावा, ओल्या वॉटर पेपरने हलका हात फिरवावा आणि प्रायमर देऊन वरून रंगवावा. पोपडे सुटले असतील तर पाणी मारून ओलेच खरवडावेत, खाली प्लास्टिक अंथरावे, मुलांना आणि गर्भवतींना घराबाहेर ठेवावे, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. ब्लोलॅम्पने रंग जाळून काढण्याचा मोह तर मुळीच नको, कारण त्यात शिशाची वाफ थेट श्वासात जाते.

दुसरा सल्ला आरोग्याला तितका घातक नसला तरी खिशाला नक्कीच आहे: ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी भरून ग्लॉसी ऑइल पेंटचे दोन हात मारा, ओल कायमची बंद. ओल भिंतीच्या आतून येते. ऑइल पेंट तिची फक्त बाहेर पडण्याची वाट बुजवतो. मग पाणी थराच्या मागे साचते, गिलाव्यातल्या सिमेंटचा क्षार त्या पाण्यात उतरून रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतो, आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीवर फुगे येऊन चिकट पापुद्रे लोंबू लागतात. आधी बाहेरच्या भिंतीची चीर, गच्ची किंवा वरच्या मजल्यावरची मोरी शोधावी, दुरुस्ती करावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंगाऱ्याला बोलवावे. ओल आतून येते की हवेतली आहे हे ठरवायचे असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर एक-दोन दिवस चिकटवावा. थेंब भिंतीच्या बाजूला धरले तर ओल भिंतीतली, खोलीच्या बाजूला धरले तर हवेतली.

वास नसलेला रंग पूर्ण निर्धोक असतो आणि त्याच रात्री त्या खोलीत झोपता येते, हा तिसरा मुद्दा. पाण्यात मिसळायच्या इमल्शनमधून उडणारी रसायने ऑइल पेंटपेक्षा बरीच कमी असतात हे खरे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि नाकाला न जाणवणारी रसायनेही हवेत असतातच. काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

निळ्या भिंतीने रक्तदाब उतरतो आणि लाल स्वयंपाकघराने भूक वाढते, यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या नौदल तुरुंगातली कोठडी गुलाबी रंगवून कैदी शांत झाल्याचा गाजावाजा झाला होता. पुढे अधिक काटेकोर प्रयोगांत तो परिणाम आढळला नाही. निळा आवडत असेल तर खुशाल लावावा, गोळ्या मात्र चालू ठेवाव्यात.

चमक जितकी जास्त तितका रंग टिकाऊ, या पाचव्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. चकचकीत पृष्ठभाग पुसता येतो, म्हणून फोडणीचे तेल उडणाऱ्या भिंतीला सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस योग्यच. परंतु दिवाणखान्यात खिडकीचा तिरपा उजेड ग्लॉसवर पडला की गवंड्याच्या थापीचा प्रत्येक उंचवटा दिसू लागतो. तिथे मॅट बरा, आणि छताला तर मॅटच.

राहता राहिला शेड कार्ड पाहून रंग पक्का करण्याचा सल्ला. कार्डावरची टिकली बोटभर असते आणि दुकानातल्या दिव्याखाली पाहिली जाते. घरात लाल कोब्याचा किंवा समोरच्या झाडाचा रंग भिंतीवर उतरतो, आणि पांढऱ्या ट्यूबलाइटखाली राखाडी दिसणारी छटा पिवळसर एलईडीखाली मातकट होते. छोटा डबा आणून समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवावेत, पूर्ण वाळल्यावर सकाळी आणि दिवे लागल्यावर पाहावेत. एका भिंतीला एकाहून अधिक डबे लागणार असतील तर ते आधी एका बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत, कारण कॉम्प्युटरवर मिसळलेल्या दोन डब्यांतही किंचित फरक राहू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध उठून दिसतो.