गारव्यातली ऊब
हीट पंप (घर गरम करणारं यंत्र) उष्णता तयार करत नाही, नुसती बाहेरून वाहून आणतो, हे तुमच्या त्यावरच्या लेखात छान आलंय. पण बाहेर शून्य अंश असताना ती आणायची कुठून, हे राहूनच गेलं. बाहेरची ती हवा आपल्याला गार वाटते. पंपाच्या नळ्यांत प्रोपेन वायू फिरत असेल, तर त्याच्या लेखी मात्र चांगलीच गरम, कारण साध्या दाबाला तो उणे 42 अंशांनाच उकळतो. बाहेरच्या नळ्यांत त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबून तापवतो, घरात ऊब सोडून तिचा पुन्हा द्रव. उन्हाळ्यात एक व्हॉल्व्ह फिरला की प्रवास उलटा, म्हणजे नेहमीचा एसीच. आणि हो, थंडीत बाहेरच्या युनिटमधून वाफा निघाल्या तर लगेच मेकॅनिकला बोलावू नका (मी बोलावला होता!). जाळीवर साठलेला बर्फ वितळवायला ते काही मिनिटं उलटं चालतं, इतकंच.